इरुंगट्टुकोट्टईचे तीन दिवस

घोडबंदरजवळ वसईची खाडी ओलांडणारा वर्सोवा पूल राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहे. मीरा-भाईंदरकरांना हा रस्ता ठाऊक आहे तो वाहतूककोंडीसाठी. पण हाच महामार्ग पुढे पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू असा दक्षिणेकडे उतरतो आणि चेन्नईच्या थोडं अलीकडे, श्रीपेरंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टई गावापाशी, मोटारींच्या शर्यतीच्या ट्रॅकला जाऊन भिडतो. मीरा रोडला राहणाऱ्या, सोमवार ते शुक्रवार नोकरी करणाऱ्या हौशी चालकाला राष्ट्रीय पातळीवरच्या शर्यतीत उतरायचं असेल, तर तेराशेहून अधिक किलोमीटर ओलांडून इथे किंवा कोइमतूरला जावं लागतं.

हा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. क्लबची स्थापना १९५३ ची. त्याआधी आणि नंतरही बराच काळ आपल्याकडे शर्यती होत त्या विमानांच्या धावपट्ट्यांवर: मुंबईत जुहूला, कलकत्त्याजवळ बराकपूरला, मद्रासजवळ शोलावरमला. शोलावरमची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तिथल्या शर्यतींना प्रचंड गर्दी लोटायची. पण धावपट्टी ती धावपट्टीच. तिला ना चढउतार, ना घडवलेली वळणं. मद्रासच्या हौशी मंडळींनी चिकाटीने स्वतःची जमीन मिळवली, ट्रॅक बांधला आणि १९९० पासून इथे शर्यती सुरू झाल्या. ३.७१७ किलोमीटरची फेरी, बारा वळणं. सरकारने नव्हे, एका क्लबने हे उभं केलं, याचं मला फार मोल वाटतं. जुहूची धावपट्टी आजही आहे, पण मोटारींच्या शर्यतीसाठी मुंबईला तिच्यानंतर काहीच उभं करता आलं नाही.

ट्रॅक असला तरी गाडी कुठून आणायची, हा हौशी माणसाचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी दिलं. १९८८ मध्ये त्यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन घेऊन एक आसनी, उघड्या चाकांची रेसिंग कार तयार केली: फॉर्म्युला मारुती. परदेशी गाडी आयात करणं संस्थानिकांना आणि उद्योगपतींनाच परवडायचं, त्या काळात कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळणाऱ्या भागांवर धावणारी ही गाडी होती. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन पहिल्या शर्यतीत उतरला तो याच गाडीतून. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन गेले. कोइमतूरजवळ चेट्टीपाळयम इथला २.१ किलोमीटरचा ट्रॅक त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांची कल्पना मात्र पुढे चालत राहिली. आज नवशिके ज्या फॉर्म्युला एलजीबी ४ गाडीत बसतात, तिच्यात मारुती स्विफ्टचं १.३ लिटरचं इंजिन आहे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चालकाच्या पाठीमागे इंजिन, हाताने बदलायचे गिअर. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. चालक जे करेल तेच गाडी करते.

या गाड्या रेसिंग टीमकडेच असतात. चालक भाडं भरून त्यांची गाडी चालवतो. त्यामुळे मुंबईहून निघताना सोबत एकच मोठी बॅग असते: हेल्मेट, आग न धरणारा सूट, हातमोजे, पातळ तळव्याचे बूट, आणि अपघातात मानेला झटका बसू नये म्हणून खांद्यावर घालायचं उपकरण. शुक्रवारची रजा टाकलेली असते. त्या दिवशी कागदपत्रं, भारतीय मोटर स्पोर्ट्स महासंघाचा परवाना आणि मग स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची आणि साहित्याची तपासणी. तपासनीस पट्टे ओढून बघतात, आग विझवायचा सिलिंडर बघतात, बाहेरून इंजिन बंद करायचं बटण चालतं का बघतात, हेल्मेटवरचा मान्यतेचा शिक्का वाचतात. इथे ओळख, वशिला काही चालत नाही. दुपारी चालकांची बैठक, आणि मग सरावाच्या फेऱ्या.

शनिवारी सकाळी पात्रता फेरी. शर्यत म्हणजे ॲक्सिलरेटर, असं बाहेरून वाटतं. ट्रॅकवर पहिल्याच दिवशी कळतं की कस लागतो ब्रेकवर. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, म्हणजे लोकलच्या डब्याच्या लांबीपेक्षा जास्त. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. टायरची पकड ठरावीक असते. ती सगळी ब्रेक मारण्यात खर्च केली, तर वळायला काही उरत नाही. म्हणून सरळ रेषेत जोरात ब्रेक मारायचा आणि स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा पाय हळूहळू सोडत जायचं. त्याच वेळी उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक धरून त्याच पायाच्या टाचेने ॲक्सिलरेटरला हलका धक्का द्यायचा, डाव्या पायाने क्लच दाबायचा आणि गिअर खाली आणायचा. हे जमलं नाही तर मागची चाकं क्षणभर अडकतात आणि गाडी गरकन फिरते.

मग लाइन. वळणात बाहेरच्या कडेने शिरायचं, आतल्या कडेला लागून जायचं, पुन्हा बाहेर यायचं. नवखा आतल्या कडेला फार लवकर जातो, मग बाहेर पडताना त्याला रस्ता पुरत नाही. अनुभवी चालक थोडं उशिरा आत येतो. त्याची गाडी लवकर सरळ होते, ॲक्सिलरेटर आधी दाबता येतो, आणि पुढे लांब पट्टा असेल तर तो फायदा पट्टा संपेपर्यंत मिळत राहतो. हे सगळं चेन्नईच्या दमट उकाड्यात, दोन थरांच्या सूटमध्ये, फेरीमागून फेरी.

रविवारची शर्यत फार तर काही मिनिटांची. सुरुवातीच्या रांगांमध्ये, म्हणजे ग्रिडवर, गाड्या उभ्या राहतात, लाल दिवे लागतात आणि विझतात. पहिल्या वळणावर सगळ्यांनाच जागा हवी असते, आणि हौशी चालकाची शर्यत बहुधा तिथेच सुधारते किंवा बिघडते. त्या क्षणी त्याचा जीव ज्यांच्या हाती असतो ते मार्शल वळणावळणावर झेंडे घेऊन उन्हात उभे असतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कुणालाही मागे टाकू नका. लाल-पिवळे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळ्यावर केशरी गोल म्हणजे तुमच्याच गाडीत बिघाड आहे, आत या. पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक केलं तर शिक्षा ठरलेली. शर्यत संपल्यावरही पंचांनी वजन आणि इंजिन तपासल्याशिवाय निकाल पक्का होत नाही.

खर्चाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. प्रवेश शुल्क, गाडीचं भाडं, टायर, प्रवास, आणि गाडी ठोकली तर भरपाई. नोकरदाराला हे जड जातं. तरीही माणसं जमवतात. मुंबईची स्नेहा शर्मा व्यवसायाने वैमानिक. विमानाच्या ड्यूट्या सांभाळून तिने कार्टिंगपासून फॉर्म्युला गाड्यांपर्यंत मजल मारली. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. कोल्हापुरात मोहिते अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, मावळात नाणोलीला खासगी ट्रॅक झाला आहे. महाराष्ट्रात ही आवड आहे आणि गुणही आहेत. उणीव आहे ती सामान्य माणसाला परवडेल अशा, शनिवार-रविवारी नवख्यांसाठी खुल्या असलेल्या ट्रॅकची. मोटारींचे एवढे कारखाने ज्या राज्यात आहेत, त्याला हे अशक्य नाही.

तोवर इकडे रात्री उशिरा काशीमिऱ्याच्या पुढे, घोडबंदर रस्त्यावर पोरं दुचाक्या आणि गाड्या पळवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या रस्त्यावर पिवळा झेंडा दाखवायला कुणी नसतं, गाडी थांबवायला मोकळी जागा नसते, आणि समोरून येणाऱ्याने या शर्यतीला होकार दिलेला नसतो. फक्त पकडून दंड केल्याने ही ओढ जाणार नाही. तिला जागा द्यावी लागेल.

तेव्हा घरात असं वेगाचं वेड असलेलं कुणी असेल, तर त्याच्याकडून बाइकची किल्ली काढून घेण्याआधी त्याला एकदा कार्टिंगला न्या. जमतंय असं दिसलं तर एखाद्या मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलचा छोटा अभ्यासक्रम करायला लावा. परवान्याची वाट तिथूनच जाते. पैसे नसतील तर मार्शल म्हणून नाव द्यायला सांगा. शर्यत इतक्या जवळून बघायला मिळेल अशी जागा दुसरी नाही, आणि क्लबना अशा स्वयंसेवकांची नेहमीच गरज असते.