व्यापाऱ्यांनी वसविलेली दोन गावे

चीन देशाच्या आन्हुई प्रांतात, ह्वांगशान पर्वताच्या परिसरात, यी नावाचा लहानसा तालुका आहे. तेथील शीदी व होंगत्सुन ह्या दोन प्राचीन गावांचा समावेश युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात केला. सृष्टिशोभा पाहण्यास तेथे पुष्कळ प्रवासी जातात. परंतु आम्हां व्यापारी मंडळींस ह्या गावांचे अगत्य निराळ्या कारणाने वाटते. त्यांची भरभराट व्यापाराच्या पैशावर झाली.

हा मुलूख डोंगराळ, भातास जमीन थोडी. पोटापुरते धान्यही बाहेरून आणावे लागे. म्हणून मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की परगावच्या पेढीवर उमेदवारीस जाई. मिंग व चिंग राजवटींत ह्या ह्वेईचौ भागातील व्यापाऱ्यांनी मीठ, चहा, इमारती लाकूड व गहाणवट ह्या धंद्यांत मोठा लौकिक मिळविला. त्याची किंमत घरच्या स्त्रियांनी मोजली. पतीचे दर्शन त्यांना वर्षानुवर्षे दुर्लभ असे.

मिळविलेले द्रव्य मात्र गावाकडे परतले. होंगत्सुन येथे वांग घराण्याने ओढ्याचे पाणी पाटाने दारोदार फिरविले, मधल्या अर्धचंद्राकृती तळ्यात घेतले व पुढे दक्षिण सरोवरात सोडले. सकाळी आठपर्यंत पिण्याचे पाणी भरावे, धुणे त्यानंतर, अशी रीत सांगतात. सरोवराच्या काठी १८१४ साली विद्यालय बांधले गेले. घरांच्या भिंती पांढऱ्या, कौले काळी. शेजारची आग पसरू नये म्हणून भिंती छपराच्याही वर पायऱ्यापायऱ्यांनी चढविलेल्या. चौकात चारी पाख्यांचे पाणी आत पडते. ती घरात येणारी संपत्ती, असे मानतात. एका मिठाच्या व्यापाऱ्याने १८५५ च्या सुमारास बांधलेला, कोरीव लाकूडकामाचा वाडा तेथे आजही उभा आहे.

पुढे दिवस पालटले. १८३२ पासून मिठाच्या मक्त्याची जुनी पद्धत मोडू लागली. त्यातच १८५१ ते १८६४ ह्या काळातील ताइपिंग बंडाने हा भाग उद्ध्वस्त केला. कित्येक पेढ्या बुडाल्या. नवी घरे बांधण्यास पैसा उरला नाही, म्हणून जुनी पुष्कळशी टिकली.

ह्यात आम्हांस एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. त्या पेढ्यांच्या वह्या आज कोणी उघडीत नाही. पण पाटाचे पाणी अद्याप वाहते आहे, आणि त्याच्या काठी लोक राहत आहेत. आपापल्या गावच्या विहिरी, धर्मशाळा व शाळा ह्यांकडे आपण ह्या दृष्टीने पाहावे, एवढीच सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे.