पाच टोकांच्या चांदणीला तुकडे तीन, सहा टोकांच्या चांदणीला दोनच! असं का?

दिवाळीत ठाण्याची तलावपाळी असो की डोंबिवलीचा फडके रोड, आसपासच्या बाल्कन्यांत चांदणीचे कंदील दिसतातच. या चांदणीत भूमितीचं एक भन्नाट कोडं दडलंय.

बहिर्वक्र म्हणजे काय?

आकृतीतले कुठलेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडले आणि ती रेषा पूर्णपणे आतच राहिली, तर आकृती बहिर्वक्र, म्हणजेच कॉन्व्हेक्स. आयताकृती खोलीत कुठेही उभे राहा, सगळे एकमेकांना दिसतात. 'एल' आकाराच्या हॉलमध्ये मात्र एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाला दिसत नाही. पण हॉलचे दोन आयत केले की प्रश्न मिटतो.

तिघांचा नियम

या हॉलमध्ये तीन जण कुठेही उभे राहिले, तरी किमान दोघे एकाच आयतात येणार, म्हणजे एकमेकांना दिसणारच. अशा आकृतीला 'जवळजवळ बहिर्वक्र' म्हणता येईल. मग उलटा प्रश्न: तिघांचा हा नियम पाळणारी प्रत्येक आकृती दोन बहिर्वक्र तुकड्यांनी झाकता येते का?

उत्तर आहे, नाही! पेन न उचलता काढतो ती पाच टोकांची चांदणी घ्या. तीही हा नियम पाळते. पण शेजारची दोन टोकं जोडणारी रेषा चांदणीच्या बाहेरून जाते, त्यामुळे ती एका तुकड्यात बसत नाहीत. पाचपैकी कुठलीही तीन टोकं निवडली, तर त्यात एक शेजारची जोडी येतेच. म्हणजे एका तुकड्यात जास्तीत जास्त दोन टोकं. पाच टोकांना किमान तीन तुकडे हवेतच.

सहा टोकांची चांदणी मात्र एकमेकांवर ठेवलेले दोन त्रिकोण असते. तिथे दोन तुकडे पुरतात!

तीनच्या पुढे?

१९५७ मध्ये एफ. ए. व्हॅलेंटाइन या गणितज्ञाने सिद्ध केलं की, कागदावरची, कडांसकट धरलेली कुठलीही आकृती हा नियम पाळत असेल, तर तिला तीनपेक्षा जास्त तुकडे कधीच लागत नाहीत. तुकडे एकमेकांवर आले तरी चालतात.

याचा उपयोग काय?

व्हिडिओ गेममध्ये दोन वस्तू आदळल्या का, हे बहिर्वक्र आकारांसाठी पटकन तपासता येतं. म्हणून वेड्यावाकड्या वस्तूंचे आधी असे तुकडे केले जातात. तुकडे जितके कमी, तितकं कॉम्प्युटरचं काम हलकं.