बरोबरीत सुटलेला डाव

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की बघणारे हिरमुसतात. आमच्या मोहल्ल्यात चहाच्या टपरीबाहेर पट मांडला जाई. बरोबरी झाली की माणसे न बोलता उठून जात. मीही त्यातलाच. पण एका डावाने माझे मत बदलले.

लंडनमध्ये २००० सालच्या ऑक्टोबरात गॅरी कास्पारोव्ह आणि व्लादिमीर क्रॅमनिक जगज्जेतेपदासाठी समोरासमोर बसले. कास्पारोव्हने हे पद १९८५ साली मिळवलेले. हल्ला करावा तर त्यानेच, अशी त्याची ख्याती. पहिल्या डावात पांढरी मोहरी त्याच्याकडे होती. तिसऱ्या चालीला त्याने उंट काळ्या घोड्यावर रोखला. ही ‘रुई लोपेझ’ नावाची जुनी सुरुवात. क्रॅमनिकने उत्तरादाखल दुसरा घोडा बाहेर काढला. याला ‘बर्लिन बचाव’ म्हणतात. तो एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता, पण अव्वल खेळाडू त्याच्या वाटेला फारसे जात नसत.

आठव्या चालीला दोन्ही वजीर पटावरून गेले. पांढऱ्याचा वजीर मारताना काळा राजा हलला आणि त्याचा किल्लेकोटाचा हक्क संपला. काळ्याची दोन प्यादी एकामागे एक अडकली. दिसायला काळ्याची बाजू पडकी. पण त्याचे दोन्ही उंट शाबूत होते, पांढऱ्याचा एकच उरला होता. शिवाय राजा उघड्यावर असला, तरी त्याच्यावर चालून जायला वजीरच नव्हता! कास्पारोव्हचे मुख्य हत्यारच म्यानात गेले. पंचविसाव्या चालीला बरोबरी झाली.

त्या सामन्यात हा बचाव चार डावांत आला आणि चारही डाव बरोबरीत सुटले. लोक त्याला ‘बर्लिनची भिंत’ म्हणू लागले. पंधरा डावांत कास्पारोव्हला एकही जिंकता आला नाही. क्रॅमनिक साडेआठ विरुद्ध साडेसहा गुणांनी जगज्जेता झाला.

पुढे हा बचाव रूढ झाला. २०१४ साली सोची येथे आपल्या विश्वनाथन आनंदने मॅग्नस कार्लसनविरुद्ध अकराव्या डावात तोच स्वीकारला, आणि तो हरला. भिंतीआड बसलेला प्रत्येक जण सुरक्षित असतोच असे नाही. तिथेही प्रत्येक चालीला जागे राहावे लागते.

आता टपरीवर बरोबरी झाली की मी लगेच उठत नाही. कोणी कोणाला काय करू दिले नाही, ते मोहरी पुन्हा मांडून बघतो.