बटणावर सुरू होणारी गाडी : पैसे मोजण्याआधी थोडे समजून घ्या



किल्लीविना, नुसते बटण दाबून गाडी सुरू करणारा संच हल्ली जुन्या गाडीलाही बाहेरून बसवून मिळतो. ‘हा बसवला की गाडी चोरीला जाणार नाही’ असे विकणारा सांगतो. हे खरे किती, ते आधी पाहू.

जुन्या जीपला किल्ली म्हणजे नुसता स्विच. वायरी जोडल्या की गाडी सुरू! पुढे किल्लीच्या मुठीत चिप आली. तिला सेल लागत नाही. कुलपाभोवतीची तारेची गुंडाळी तिला वीज पुरवते आणि चिपचा संकेत जुळला तरच इंजिन चालू राहते. हेच इमोबिलायझर. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले.

बाहेरच्या संचात खिशातला रिमोट, गाडीतला अँटेना आणि रिलेची पेटी असते. रिमोट जवळ आहे व ब्रेक दाबला आहे, याची खात्री पटली की पेटी स्टार्टरला वीज देते. चांगल्या संचात संकेताचा आकडा दर वेळी बदलतो. स्वस्तातल्या संचात तो कायम एकच, म्हणून त्याची नक्कल सोपी.

खरी गोम पुढेच आहे. गाडीला मूळ चिप हवी असते, म्हणून काही कारागीर दुसरी किल्ली डॅशबोर्डमागे कायमची बांधून ठेवतात. म्हणजे घराला कुलूप लावायचे आणि किल्ली चौकटीवर ठेवायची! शिवाय किल्ली फिरवायची नाही म्हणून स्टेअरिंगचे कुलूपही काढून टाकतात. अशाने पैसे जातात आणि गाडी पहिल्यापेक्षा उघडी पडते.

मूळ कंपनीच्या बटणालाही मर्यादा आहेच. घरातल्या रिमोटचा संकेत यंत्राने लांबवून दारातली मोटार उघडता येते, हे जर्मनीच्या ‘आडाक’ या मोटार-संघटनेने २०१६ साली चाचण्या घेऊन दाखवले.

सबब सभासदांनी पुढील काळजी घ्यावी :

१) डॅशबोर्डमागे किल्ली ठेवणार का, स्टेअरिंगचे कुलूप राहणार का, हे कारागिराला आधीच विचारावे.

२) संकेत दर वेळी बदलणारा आहे का, हे विचारावे. पुण्याच्या एआरएआय संस्थेची मान्यता असल्यास कागद पाहावा.

३) मूळ वायरिंग कापल्यास वॉरंटी व विम्याला बाध येऊ शकतो. विमा कंपनीला आधी कळवावे.

४) रिमोट घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून पाहावा. डबा गाडीजवळ नेल्यावरही दार उघडले तर तो डबा कामाचा नाही.

५) कारखान्याच्या गेटवर किंवा तुळजापूरला नवरात्राच्या गर्दीत गाडी लावताना स्टेअरिंगला लोखंडी दांड्याचे कुलूप घालावे. ते लांबूनच दिसते.

बटण ही सोय आहे, राखणदार नव्हे. ऊसबिलातून घेतलेली गाडी राखायची तर चिप आणि लोखंडी कुलूप दोन्ही शाबूत ठेवा, एवढीच विनंती.