बाळंतिणीची मिश्री

मंडळी, बुलढाण्याकडच्या बाळंतिणीला ‘सिगारेट सोड’ म्हटलं तर ती हसेल. तिच्याकडे असते मिश्री, तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. घासायची दातांना, पण निकोटीन रक्तात जातं, तिथून अंगावरच्या दुधात. धूर असतो तो भाजतानाचा, नाहीतर नवऱ्याच्या बिडीचा.

गरोदरपणी काही जणी ‘पोटातल्या बाळासाठी’ मिश्री सोडतात. मग बाळ जन्मतं. आम्ही तत्त्वज्ञानवाले इथं थबकतो: ज्या कारणानं सोडली, ते कारणच तिच्या लेखी संपलं की! त्यात जागरणं, आणि माहेरी आईची डबी समोर. ‘कळतं पण वळत नाही’ या दुबळेपणावर ॲरिस्टॉटलनं पुष्कळ खल केलाय. आम्हाला मात्र इथं दोष तिच्या मनापेक्षा त्या डबीचा वाटतो. आधी डबी हलवा.

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. तेव्हा तिला एकटीला, न रागावता विचारावं, ‘पुन्हा सुरू झाली का?’ झाली असली तरी दूध तोडायचं नाही, हे आधी सांगावं. तलफ काही मिनिटांत ओसरते. तोवर बाळंतशोपा चघळाव्या. १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, नवऱ्यालाही चालतो. आणि ओसरीवर ओढलेली बिडी कपड्यांवरून बाळापर्यंत येते, बरं का.