देवरुषी, दर्गा आणि दवाखाना : सातारा-सांगलीच्या मानसिक आरोग्याचा आढावा

मानसिक त्रासाचे मूल्यमापन व निदान करणारी आणि औषधाऐवजी संवादाच्या व वर्तनातील पद्धतशीर बदलाच्या मार्गाने उपचार करणारी विद्याशाखा म्हणजे चिकित्सा मानसशास्त्र. मनोविकारतज्ज्ञ वैद्यकाचा पदवीधर असल्याने औषधे लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मुलाखत, मानसशास्त्रीय चाचण्या आणि संवाद यांवर काम करतो. मधुमेहाचे निदान रक्तातील साखरेवरून होते आणि ती साखर माणदेशात काय किंवा मुंबईत काय, एकाच मापाने मोजली जाते; उदासीनता, चिंताविकार किंवा छिन्नमनस्कता यांच्या निदानाला असा रासायनिक आधार आजही नाही. रुग्ण काय सांगतो, कोणाच्या देखत सांगतो, काय सांगायचे टाळतो आणि त्यातले काय त्याच्या माणसांना वावगे वाटते, यांवरच ते निदान उभे राहते. म्हणून सांस्कृतिक वैविध्याचा विचार या शास्त्रात शेवटच्या प्रकरणात उरकून चालत नाही. तो निदानाच्या पहिल्या प्रश्नापासून सुरू व्हावा लागतो.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहेत. २०११च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या तीस लाखांवर आणि सांगलीची अठ्ठावीस लाखांवर होती. महाबळेश्वर-जावळीच्या मुसळधार पावसापासून माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यापर्यंत पसरलेल्या या प्रदेशात पाटण-जावळीची माथाडी कामगारांची कुटुंबे आहेत, ज्यांचा कर्ता पुरुष वर्षातला बहुतेक काळ मुंबईत असतो. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली विटा-खानापूरकडची माणसे आहेत. मेंढरे घेऊन फिरणारे धनगर, आपशिंग्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणारी गावे, सांगलीकडचे दिगंबर जैन व लिंगायत समाज, मिरजेचे मुसलमान आणि जत तालुक्यातील घरी कन्नड बोलणारी गावे आहेत. ही सगळी माणसे एकाच बाह्यरुग्ण विभागात, एकाच रांगेत येऊन बसतात, आणि त्यांच्यासमोर ठेवला जातो तो प्रश्नांचा छापील कागद मात्र बहुधा एकच असतो.

वैद्यकाची परंपरा या भागाला नवी नाही. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय मिरजेत १८९४ साली उभे राहिले आणि १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शस्त्रक्रियेसाठी दूरदूरहून माणसे मिरजेला येत आली. मनाच्या आजाराचे तसे झाले नाही. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, त्यांतले एकही या दोन जिल्ह्यांत नाही. देशाचे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झाले, ते बारा राज्यांत. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापर्यंत न पोहोचल्याचे आढळले. हे रुग्ण उपचाराविना स्वस्थ बसून राहतात असा याचा अर्थ नव्हे. ते दुसरीकडे जातात, आणि कोठे जातात हे समजून घेणे हे मानसशास्त्रज्ञाचे कामच आहे.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ व मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७०च्या दशकात यासाठी एक उपयुक्त संकल्पना मांडली. आजार का झाला, आताच का झाला, तो पुढे काय करील आणि कशाने बरा होईल यांविषयी रुग्णाच्या मनात स्वतःची एक सुसंगत मांडणी असते; तिला त्यांनी स्पष्टीकरणाचे प्रारूप म्हटले. डॉक्टरचे प्रारूप वेगळे, घरच्यांचे वेगळे, देवरुष्याचे वेगळे. यांची गाठच पडली नाही तर औषध घरी जाते आणि फळीवर पडून राहते. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदान-संहितेच्या पाचव्या आवृत्तीत याच विचारातून सोळा प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत घातली गेली. तुमच्या माणसांत या त्रासाला काय म्हणतात, तुमच्या मते तो कशामुळे झाला, आतापर्यंत कोणाकोणाकडे जाऊन आलात, असे साधे प्रश्न तीत आहेत. खटावच्या एखाद्या बाईला हे विचारले तर ‘उदास वाटते’ असे उत्तर क्वचितच येईल. छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, डोक्यात मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही, असे ती सांगेल. गावच्या डॉक्टरकडे तिला सलाईन आणि ताकदीचे इंजेक्शन मिळते, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा फेरा सुरू होतो. शरीराच्या भाषेत दुःख सांगणे हे अडाणीपणाचे लक्षण मानण्याची चूक सुशिक्षित वर्गाने दीर्घकाळ केली. वास्तविक ज्या घरात मनाची तक्रार म्हणजे सासरची बदनामी ठरते, तेथे छातीची तक्रार ही एकच तक्रार सुरक्षितपणे करता येते, आणि ती ऐकून तिच्या मागचे घर ओळखणे हे कसबाचे काम आहे.

अंगात येण्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. वाई तालुक्यातील मांढरदेवीची काळूबाई, जतची यल्लम्मा आणि कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीचा बिरोबा ही या प्रदेशातील मोठी श्रद्धास्थाने. अशा ठिकाणी, विशेषतः देवीच्या यात्रांत, ढोलाच्या नादावर वारे येणे, घुमणे, कौल घेणे हे सामूहिक आचाराचा भाग म्हणून स्वीकारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी जानेवारी २०२२पासून लागू झाली, येथे स्पष्ट भेद केला आहे: देहभान हरपण्याची किंवा दुसऱ्या शक्तीने झपाटल्याची अवस्था अनिच्छेने येत असेल, त्या समाजाच्या मान्य धार्मिक आचारात बसत नसेल आणि त्यामुळे व्यक्तीला त्रास होत असेल किंवा तिचे जगणे विस्कळीत होत असेल, तरच तिला विकार म्हणावे. म्हणजे पौर्णिमेला मंदिरात घुमून दुसऱ्या दिवशी खुरपणीला जाणारी बाई रुग्ण नाही. आणि जिला अवेळी, घरात, स्वयंपाक करता करता झटके येतात व त्यानंतर काही आठवत नाही, तिला मदतीची गरज आहे. हा फरक पुस्तकात एका वाक्यात मावतो, पण प्रत्यक्षात तो करण्यासाठी त्या समाजाचा आचार ठाऊक असावा लागतो.

या संदर्भात ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ वीडा स्कुल्टन्स यांचे संशोधन मोलाचे आहे. महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात मनोरुग्णांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला आणि तो १९८७ साली प्रसिद्ध केला. तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींच्या या पंथाचे सातारा जिल्ह्यातील फलटण हे मोठे केंद्र असून ते पंथीयांत दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते, त्यामुळे हा अभ्यास या भागाच्या वाचकाला परका वाटू नये. स्कुल्टन्स यांनी पाहिलेल्या मंदिरात रुग्ण एकटा येत नाही, कुटुंब येते व मुक्काम करते. आणि पुष्कळदा अंगात येते ते रुग्णाच्या नव्हे, तर त्याची सेवा करणाऱ्या आईच्या किंवा बायकोच्या. घरातला आजार स्वतःवर घेण्याची ही बाईची रीत होती. पाश्चात्त्य पद्धतीची मुलाखत रुग्णाला आत बोलावते आणि सोबतच्या बाईला बाहेर बाकावर बसवते. या एका व्यवस्थेने दुखण्याचा अर्धा भाग नजरेआड जातो, हे या अभ्यासातून काढण्याजोगे अनुमान दुर्लक्षिण्यासारखे नाही.

मंदिरातील मुक्कामाने बरे वाटते काय, याचीही तपासणी झाली आहे. तामिळनाडूतील एका मंदिरात राहणाऱ्या ३१ गंभीर मनोरुग्णांची पाहणी २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यात त्यांची लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाली होती. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने या निष्कर्षाला मर्यादा आहेत, तरी जाच नसलेली, आसरा देणारी जागा स्वतःच काही उपचार करते, एवढे त्यातून मानायला हरकत नाही. पण याच तामिळनाडूत, एर्वाडी येथे, ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्याला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. संस्कृतीचा आदर या शब्दप्रयोगाची सीमा तेथे ठरते.

ही सीमा कायद्यात आणण्याचे श्रेय या भूमीकडे जाते. साताऱ्यात जन्मलेले आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने किंवा दोरीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे हे या कायद्याने गुन्हे ठरले. मात्र वारी, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना कायद्याने हात लावलेला नाही. श्रद्धा आणि क्रौर्य यांतील हा विवेक चिकित्सा मानसशास्त्राने जशाच्या तसा उचलावा असा आहे. साताऱ्यातील परिवर्तन संस्थेचे व्यसनमुक्तीचे काम आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून पुढे आलेले मानसमित्र, म्हणजे गावातल्या माणसाशी प्रथम बोलणारे आणि गरज पडल्यास त्याला तज्ज्ञाकडे नेणारे प्रशिक्षित कार्यकर्ते, या विवेकाचेच व्यवहारी रूप आहेत. ‘देवाला जाऊ नका’ असे न म्हणता ‘देवाला जा, पण गोळी चुकवू नका’ असे सांगणारा कार्यकर्ता घरात टिकतो. पहिले वाक्य बोलणाऱ्याला पुन्हा कोणी उंबऱ्यात घेत नाही.

चाचण्यांच्या बाबतीत वैविध्याचा प्रश्न भावनेचा उरत नाही, तो मोजमापाचा होतो. बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे भारतीय रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत केले, ही या सीमाभागाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट आहे. आणि मुलांसाठीची दुसरी प्रचलित चाचणी आर्थर मालिन यांनी नागपुरात तयार केली, ती १९६९ची. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देताना या जुन्या चाचण्या आजही वापरल्या जातात. चाचणीची मानके म्हणजे त्या त्या वयाची मुले साधारणपणे किती गुण मिळवतात याचे कोष्टक; ते कोष्टक ज्या मुलांवरून बनले ती मुले आणि आज समोर बसलेले मूल यांत तीन-चार पिढ्यांचे अंतर पडले, तर मिळणारा आकडा कशाचा असतो? जत तालुक्यातील मूल घरी कन्नड बोलते, शाळेत कधी कन्नड तर कधी मराठी माध्यमात शिकते, ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर शाळा सोडून जाते. त्याला शब्दसंग्रहाच्या मराठी कसोटीवर कमी गुण पडले तर ते बुद्धीचे माप नव्हे. अशा मुलावर ‘मतिमंद’ हा शिक्का बसणे हा अन्याय आहे, आणि खरोखर अक्षम असलेल्या मुलाला भाषेचे कारण देऊन प्रमाणपत्र नाकारणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे.

निदानात जातीचा इतिहासही बोलतो. इंग्रज सरकारने १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी आदी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि हा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी संशयाची नजर रद्द झाली नाही. पोलीस आपल्या मागावर आहेत असे सांगणाऱ्या पारधी तरुणाच्या बोलण्याला पाठलागाचा भ्रम म्हणून नोंदवण्याआधी, त्याच्या मागावर खरोखर कोणी आहे काय, हे विचारणे भाग आहे. यल्लम्मेला सोडलेला, लुगडे नेसणारा जोगता किंवा डोक्यात जट वाढलेली स्त्री यांच्याबाबतही हेच खरे: जट धुण्याविना गुंतलेल्या केसांतून होते, हे सांगायचेच, पण ती कापण्याची भीती ही त्या बाईच्या दृष्टीने घरावरच्या अरिष्टाची भीती असते आणि तिच्यावर संवादानेच उपचार होतो.

उपचारपद्धतींची रूपांतरे महाराष्ट्राने पूर्वीपासून केली आहेत. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकापर्यंत आणली. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली गुरु-शिष्य नात्याचा उपचाराच्या दृष्टीने विचार करताना, भारतीय रुग्ण उपचारकाकडून तटस्थतेपेक्षा मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवतो, हे दाखवून दिले. सर्वांत भक्कम पुरावा शेजारच्या गोव्यातला आहे. विक्रम पटेल आणि संगाथ संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून, तीव्र उदासीनतेच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकींचा उपचार दिला. त्याचा चांगला परिणाम दाखवणारी चाचणी २०१७ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णाची बोली बोलणारा माणूस ही उपचारातली सोय नसून तोच निम्मा उपचार आहे, असे म्हणायला आता आधार मिळाला आहे. २०१९च्या महापुरानंतर सांगलीत, पलूसच्या नदीकाठी, अशा माणसांची किती गरज होती हे तेथील रहिवाशांना वेगळे सांगायला नको.

कायदा याबाबत बराच पुढे आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये संसदेने मान्य केला आणि तो मे २०१८ मध्ये लागू झाला. समाजातील रूढ नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक मूल्यांशी न जुळणे हे कोणाला मनोरुग्ण ठरवण्याचे कारण होऊ शकत नाही असे त्याचे तिसरे कलम सांगते, तर धर्म, संस्कृती, जात, वर्ग, लिंग यांवरून भेद न करता उपचार मिळण्याचा हक्क अठरावे कलम देते. हा हक्क कागदावरून घरापर्यंत यायचा असेल तर मिरज व कऱ्हाड येथील अध्यापन रुग्णालयांनी आणि शिवाजी विद्यापीठाने एकत्र येऊन तीन कामे हाती घ्यावीत: मराठी व कन्नड चाचण्यांची या जिल्ह्यांपुरती नवी मानके तयार करावीत, प्रशिक्षणार्थी मानसशास्त्रज्ञाला काही महिने माण, आटपाडी, जत येथील ग्रामीण रुग्णालयांत पाठवावे, आणि भटक्या-विमुक्त, धनगर, मुस्लिम व कन्नडभाषक घरांतील मुलामुलींना या शिक्षणाच्या जागा प्राधान्याने द्याव्यात. तोपर्यंत वाचकांनी आपल्या घरी, आळीत, कारखान्याच्या पाळीवर एक माहिती पोहोचवावी: १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि त्यावर मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते.