विमानाचे इंधन आणि माणसाची मूठ

सिल्व्हर पार्कमधून मीरा रोड स्थानक गाठावे आणि लोकलने चर्चगेटच्या बाजूला जावे, हा आम्हांपैकी पुष्कळांचा नित्यक्रम आहे. त्या लोकलच्या मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्याला घेरी आली, हात सुटला, तर गाडीला आपोआप ब्रेक लागतात. अशीच एक मूठ विमानात इंधन भरणाऱ्या माणसाच्या हातातही असते. आज तिच्याविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठी पेट्रोल आले ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत! आजच्या मोठ्या जेट विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८०,००० लिटर इंधन मावते. हे इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचाच अधिक शुद्ध भाऊबंद. ते टँकरमधून भरतात, किंवा मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर जमिनीखालच्या नळांतून घेतात. नळांतून घेताना जी गाडी येते तिला टाकी नसते. गाळणी, मापक, दाब आवरणारी झडप आणि रबरी नळ्या, एवढाच तिचा संसार.

या कामात शत्रू तीन. पहिला पाणी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरचे तपमान शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास असते. इंधनातील पाण्याचे तेथे बर्फ होते आणि वाट तुंबते. म्हणून इंधन गाळून घेतात आणि नमुना काचेच्या बरणीत काढून डोळ्यांनी पाहतात. तथापि गाळणीवर विसंबून भागत नाही. १३ एप्रिल २०१० रोजी इंडोनेशियातील सुराबायाहून हाँगकाँगला निघालेल्या एका विमानाच्या इंधनात गाळणीतीलच द्रव्याचे सूक्ष्म कण शिरले. तेथील भूमिगत नळांत खारे पाणी आले होते, आणि पाणी शोषण्यासाठी ठेवलेले द्रव्यच त्याने निकामी झाले. इंजिने वैमानिकांना जुमानीनात. ताशी चारशे किलोमीटरांहून अधिक वेगाने त्यांनी विमान उतरविले. सर्वांचे प्राण वाचले.

दुसरा शत्रू वीज. नळीतून आणि गाळणीतून वेगाने वाहताना इंधनात घर्षणाने विद्युत्भार साचतो. गाडी आणि विमान यांच्यांत एक ठिणगी उडाली तरी पुरे! म्हणून दोघांना तारेने जोडतात. ही तार नळीच्या आधी लावायची आणि नळी काढल्यावरच सोडायची, असा नियम आहे.

तिसरा शत्रू म्हणजे माणसाचे विस्मरण. नळी जागेवर परत ठेवली नसेल, तर गाडीचे ब्रेक सुटतच नाहीत. काही बिघडले तर सारा प्रवाह बंद करणारी तांबडी कळ हाताशी असते. आणि मुख्य म्हणजे ती मूठ. दाबून धरली तोवर इंधन वाहते. सोडली की काही क्षणांत थांबते.

परंतु अर्धा तास मूठ आवळून हात भरून येतो. मग ती दोरीने बांधून ठेवण्याचा मोह होतो. बांधलेली मूठ दिसते जागी, पण असते झोपलेली. नळी फुटली तरी ती सुटणार नाही. म्हणून नव्या गाड्यांत मूठ ठराविक वेळाने सोडून पुन्हा दाबावी लागते. दोरीला हे साधत नाही, जाग्या माणसालाच साधते.

यंत्र कितीही शहाणे केले, तरी पंखाखाली एक सावध माणूस उभा लागतोच. पुढच्या खेपेस विमानाच्या खिडकीतून तो दिसला, तर उशीर होतो म्हणून त्याच्यावर चिडू नये. आपला जीव काही वेळ त्याच्या मुठीत असतो.